आत्याने लावलेला पहारा

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत आमच्या मोठ्या आत्याला जिचा संशय येणार नाही, अशी वस्तू अजून बनायची आहे. दूधवाल्याच्या तोंडासमोर ती दूध हुंगते. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्स घेताना शिवण अशी ताणते की दुकानदार हात जोडतो, "आई, लेनी है या फाडनी है?" शिवमंदिरात चपला बाहेर सोडत नाही, पिशवीत घालून काखोटीला मारते. कुणी हटकलं तर म्हणते, "देवाचं ध्यान भक्तांवर असतं, चपलांवर नाय." मी मुलांच्या प्रश्नांवरची पत्रकं वाटत फिरते, म्हणून माझ्यावरही तिचा डोळा. "कागद चांगला जाड हाय गो. कोन देतो तुला छापून?"

या स्वभावाचा मला भयंकर राग होता, माझ्या भाचीचं प्रकरण होईपर्यंत. भाची सहा वर्षांची. मिक्सर लागला की कान दाबून पलंगाखाली. फ्रॉकचं लेबल मानेला लागलं की फ्रॉक भिरकावते. वरणभात बोटांना चिकटला की किंचाळते. काही मुलांना आवाज, स्पर्श, वास आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात, सोसत नाहीत. पण आमच्या घरात तिचं एकच नाव : नाटकी. मोठ्यांचं डोकं दुखलं की चहा मिळतो, लहानाचे कान दुखले की धपाटा! त्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं. थोरला भाऊ, म्हणजे तिचा बाप, बजावून बसला, "हलदीला मांडवात बसवनार तिला. डीजे वाजू दे, हलद लागू दे. एकदा रडंल, मंग सुधरंल." मी त्याच्या हातात पत्रक कोंबलं. त्याने त्यावर भजी ठेवून खाल्ली.

आत्याने आमच्यापैकी कुणावरच विश्वास ठेवला नाही. नाटक म्हणणाऱ्या बापावर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच. तिने पहारा लावला. पोरीला तिच्यावर सोपवून घरातली सगळी खरेदीला गेली तेव्हा ती दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. शेजारी मिक्सर सुरू झाला. एकटीच खेळणारी पोर कान दाबून पलंगाखाली सरपटली आणि आवाज थांबल्यावरही थरथरत राहिली. थोरला भाऊ परतला तशी आत्या त्याच्यापुढे उभी.

"बघनारा नसला की चोर चोरी करतो. पन बघनारा नसला की नाटक कोन करील रं?"

"आत्या, तू दिसली असशील तिला."

"मी? मना आजवर कोनी पकडलंय?"

भाऊ पिशव्या उचलून आत निघाला. आत्या म्हणाली, "हलदीला पोर माझ्याकडं ऱ्हाईल." भाऊ कळवळला, "अगं, पयली हलद लावायचा मान तुझा!"

"मान त्या डीजेवाल्याला दे."

आणि खरंच, हळदीच्या दिवशी डीजेची वायर जोडायच्या आत ती पोरीला घेऊन अंबरनाथच्या आपल्या खोलीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेली हळद वाटीत घेऊन गेले. "वाटी अर्धीच कशी?" आत्याने विचारलं. भाची वाटीकडे बराच वेळ टक लावून बसली होती. मग तिने आपणहून एक बोट बुडवलं आणि आत्याच्या गालाला टेकवलं. आत्याचे डोळे बारीक झाले. "काय हवंय गो तुला?"

"कायच नाय," म्हणून पोर पळाली.

आत्या दाराकडे बघत राहिली. आजवर तिला कुणी काही उगाच दिलं नसावं. तो पिवळा ठिपका ओघळायला लागला म्हणून मी पुसायला ओढणी पुढे केली, तर तिने माझा हात धरला आणि माझ्याकडेच संशयाने पाहिलं.