उस्तादांची पापणी

माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागतं. अक्कल असलेले अकलेचा बाळगतात. उस्तादांनी पापणीचा बाळगला.

शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. हात चांगला, हे कबूल करायला हवं. ते स्वतः तर रोजच करायचे. साठी उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चाकावरून उडालेला लोखंडाचा कीस डोळ्यात गेला तरी पूर्वीसारखं खुपत नाही. वय झालं की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाण मंदावते, एवढंच त्याचं कारण. उस्तादांनी अर्थ काढला, की आपला डोळा पोलादी झाला.

मग शेजारच्या चाकावर गॉगल लावून बसणाऱ्या बाईची धडगत नव्हती. तिचं नाव त्यांनी पाणबुडी ठेवलं.

"काय गं पाणबुडी, लागला का तळ?"

"तुमच्या अकलेचा कधीच लागला, काका," ती चाकावरची नजर न काढता म्हणायची.

त्यांना धास्ती होती ती बुबुळाभोवती उमटलेल्या पांढुरक्या कड्याची. आठवडाभर उजव्या डोळ्याने धूसर दिसत होतं, त्याचं खापरही त्यांनी कड्यावरच फोडलं. आता, पातं बोथट असेल तिथे त्याच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते. उस्ताद ती रेघ उजव्या डोळ्याने बघत. ती दिसेनाशी झाली आणि त्यांना प्रत्येक कात्री धारदार वाटू लागली. आयुष्यात इतकं समाधान त्यांना कधी लाभलं नव्हतं.

चार शिंपी कात्र्या आपटून गेले तेव्हा मालक म्हणाला, "डोळे तपासून या. दिसत नसेल तर चाक सोडा, काउंटरवर बसून कात्र्यांना चिठ्ठ्या बांधा."

चिठ्ठ्या! उस्ताद बायकोला घेऊन तडक दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी कापसाची बारीक वात बुबुळाला टेकवली. उस्ताद ढिम्म.

"बघितलंत? पापणीसुद्धा हलली नाही!"

"तीच हलायला हवी होती," बाई म्हणाल्या.

"अहो, शाबासकी कसली मागताय," बायको म्हणाली, "नापास झालात तुम्ही."

भिंगाखाली बुबुळाच्या मधोमध लोखंडाचं कुसळ निघालं. भोवती गंजाचं वर्तुळ, बाजूला जखम चिघळलेली. आठ-दहा दिवस ते तिथे मुक्कामाला होतं आणि घरमालकाला पत्ता नव्हता.

"आणि हे पांढरं कडं?" उस्तादांनी आवाज खाली आणून विचारलं.

"ते वयानं येतं. त्यानं काही बिघडत नाही."

उस्तादांचा चेहरा पडला. ज्याला भ्यायले ते निरुपद्रवी निघालं, आणि जे मिरवलं त्यानेच घात केला. एवढा चुकीचा हिशेब करायलाही चाळीस वर्षांचा अनुभव लागतो.

कुसळ काढलं, जखम भरली, पण बुबुळावर मधोमध पांढरा डाग राहिला. रेघ काही परत दिसली नाही. चाक पाणबुडीकडे गेलं.

परवा मी कात्री आणायला गेलो तेव्हा उस्ताद काउंटरवर चिठ्ठी बांधता बांधता एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या वेळी गॉगल नव्हते. डोळे होते."

पाणबुडीने चाक थांबवलं. "काका, डोळ्यात काहीतरी गेलंय तुमच्या. लालभडक झालाय."

"मला कळलं नसतं का?" उस्ताद म्हणाले. तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी ऐटीत रुमाल काढला, झटकला, आणि दुसराच डोळा पुसला.