दगडाच्या उगवतीला

दिंडोशीच्या माझ्या गॅलरीत संध्याकाळी ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो, आंबूस, जरासा गोडसर. समोरच्या उतारावर झाडं पडताहेत. तो वास दाटला की खालची कुत्री एकाएकी गप्प होतात, आणि मला मावशीची वाघबारस आठवते.

मावशी रानालगतच्या पाड्यावरची. पावसाळ्यात शेवळं, टाकळा अशा रानभाज्या घेऊन दारी यायची, तशी ओळख झाली आणि मुरली. पाड्याच्या वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता; त्याच्या मावळतीला पाडा, उगवतीला रान. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला ती मला हौसेनं तिथं न्यायची. नारळ वाहायचा आणि देवाला बजावायचं, "मावळतीला आम्ही, उगवतीला तू. आपापल्या जागी ऱ्हायचं." देवाशीसुद्धा ती भाजीचा भाव ठरवल्यासारखी रोखठोक बोलायची, आणि मला ते फार आवडायचं.

मग रान तुटून तिथं इमारती आल्या; त्यांतल्याच एकीत मीही राहायला आले. पुढं पाडाही उठला, भोवती निळे पत्रे लागले, दगड आतच राहिला. मावशीला त्या नव्या इमारतींपैकी एकीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली. गेल्या वर्षी तिच्या पार्किंगमध्ये बिबट्या दिसला, तिची नात खेळते तिथंच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकला. आता यांना काय म्हणावं. मावशी मात्र माझ्याकडे आली. "ताई, पाडा उठल्यापासून देवाला काय पोचलंच नाय गं. पोरीला काय झालं तर?" तिच्याकडे बघवेना.

वाघबारशीला तिन्हीसांजेला आम्ही दोघी पत्र्यांपाशी गेलो. वॉचमन आत सोडेना, तेव्हा तिनं नारळ पत्र्यावरून आत भिरकावला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. यंत्रं बंद होती, आम्ही कान देऊन उभ्या होतो, तरी नाही. मावशीनं हात जोडले आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं घडाघडा म्हणून टाकलं, "मावळतीला आम्ही, उगवतीला तू."

आणि थबकली. मागं वळून तिनं आपल्या इमारतीकडे पाहिलं. सातव्या मजल्यावर दिवा लागला होता, नात खिडकीशी उभी होती. ती इमारत, आम्ही दोघी, सगळं दगडाच्या उगवतीला होतं.

"मीच त्याला सगळं देऊन बसले गं," ती पुटपुटली. "आता माघारी कसं मागू?"

तेव्हापासून ती नातीला खाली सोडत नाही. चुकली ती नव्हे, असं मला राहून राहून वाटतं. बोल होते तसेच होते. माणसंच सरकत सरकत पलीकडे जाऊन राहिली. माझी इमारत तर तिच्याही उगवतीला आहे.