झाकण लावलं की धार तुटायची

त्या सकाळी सासूबाईंना चहा मिळाला नाही.

अंगणात पेट्रोल उघडं होतं आणि ह्यांनी स्टोव्ह पेटवायला बंदी केली होती.

मी पाणी भरलं, तांदूळ निवडले, अंगण झाडलं. तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, तुझ्या खराट्यातली एक हीर दे."

"नवा आहे खराटा."

"एकच दे गं."

पाच नेल्या.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पन्नासच्या दशकातली अंधेरी, बैठं घर, पुढे अंगण. अंगणात ह्यांची मोटारसायकल. लष्कराने मोडीत काढलेली, ह्यांनी हौसेने घरी आणलेली.

सुरू व्हायची, फर्लांगभर जायची, बंद पडायची. थोडं थांबलं की पुन्हा सुरू.

स्टेशनजवळचा मिस्त्री म्हणाला होता, "इंजिनाची वाट लागलीय साहेब. नाद सोडा."

सासूबाई मालवणच्या. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "ह्या लोखंड आज भायर गेलाच पायजे!"

अकरा वाजता भंगारवाला येणार होता.

हे चिडले नाहीत. सकाळी उठून टाकी उतरवली. तिच्या बुडाला दोन तोट्या, दोन्ही गंजाच्या पापुद्र्यांनी तुंबलेल्या.

मिस्त्री अशा ठिकाणी तार घालायचा. हे म्हणाले, "तारेने आतली जाळी फाटते. हीर वाकते, पण फाडत नाही."

खालून हीर हळूच सारायची, गंज वर ढकलायचा, टाकी हलवून सगळं बाहेर ओतायचं. पेट्रोल फडक्यातून गाळून पुन्हा भरायचं. सात-आठ वेळा केलं. घाई नाही, आदळआपट नाही. मी बघतच राहिले.

शेवटी वाटी धरली. दोन्ही तोट्यांतून छान धार.

टाकी गाडीवर चढवली, झाकण घट्ट लावलं, खात्री करायला पुन्हा वाटी धरली.

धार बारीक झाली. मग थेंब थेंब. मग तेही नाही.

साडेदहा वाजले होते.

हे पायरीवर बसले. "आई बरोबर बोलते बहुतेक."

मी चौथी शिकलेली. गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण घासलेटचा डबा रोज माझ्या हातात.

"अहो, डब्याला एकच भोक पाडलं की घासलेट असंच अडतं. वारा आत जायला दुसरं पाडावं लागतं."

वाटलं, हसतील.

हसले नाहीत. उठले, झाकण काढून उलटं केलं. मधोमध टाचणीएवढं भोक. कोणीतरी वरून रंग फासला होता, त्यात बुजून गेलेलं.

मी सुई आणून दिली.

झाकण लावलं. धार तुटली नाही.

भंगारवाला आला तेव्हा गाडी अंगणात नव्हतीच. हे जुहूपर्यंत जाऊन आले. परत येऊन सासूबाईंसमोर उभे राहिले.

"आई, तोट्या मी साफ केल्या. पण खरा दोष हिने शोधला."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मगे आता च्या ठेव गो."

हेच ह्यांनी मिस्त्रीला सांगितलं. ऑफिसात सांगितलं. म्हातारपणी नातवंडांना सांगितलं. एकदाही "आम्ही शोधला" म्हणाले नाहीत. कसबी हात पुष्कळांचे असतात. चारचौघांत बायकोचं नाव घेणारा माणूस तेव्हा मी दुसरा पाहिला नाही.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

अहो, तुमच्याबरोबर राहून बरं वाटलं. आयुष्यभर. नमस्कार करते.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी ह्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "वाच."

"इंग्रजी आहे ते."

"मला तरी कुठे सगळं येतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी घासून झाल्यावर, मी ते उघडलं आणि पहिल्या पानावरची अक्षरं पेन्सिलीने उतरवून काढली.