लेकीच्या मापाची रायफल

"हात बघू," असं म्हणून ते समोरच्याचा हात धरायचे. पहिल्या भेटीत माझाही धरला. मी आपला तळहात उघडून पुढे केला. आमच्याकडे म्हातारा माणूस हात मागतो तो भविष्य सांगायला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी जरा घाबरूनच उभा होतो.

त्यांनी तळहाताकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं कोपर दुमडलं, त्याच्या वळणात स्वतःची मूठ टेकवली, तिथून माझ्या तर्जनीपर्यंतचं अंतर नजरेने जोखलं आणि म्हणाले, "लांब आहे. छान."

बंदुकीचा दस्ता माणसाच्या मापाचा आहे की नाही हे असं पाहतात, ते मला पुढे कळलं. दस्त्याचं टोक कोपराच्या वळणात ठेवायचं आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायचं. मला बंदूक देण्याचा त्यांचा काही विचार नव्हता. पोस्टमन आला तरी ते हेच करायचे. माप घेतल्याशिवाय त्यांना माणूस नीट ओळखीचा वाटत नसे.

मी जपानात, त्सुकुबाच्या विद्यापीठात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील सांगोल्याकडे जळालेल्या पंपांच्या मोटरी भरून देतात. वसतिगृहातली मुदत संपली तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी यांच्या घरामागची खोली मिळाली. मी त्यांना ओजीसान म्हणायचो, म्हणजे आजोबा. ते मला गाकुसेइ-सान म्हणायचे, म्हणजे विद्यार्थीसाहेब. मला तोवर कुणीच साहेब म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

घरमालकाकडे बंदुका आहेत हे मी घरी सांगितलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "दारू पितो का रे तो?" मी म्हटलं, थोडी. ती म्हणाली, खोली बदल.

पण ओजीसानांची बंदूक रानडुकरांसाठी होती. शरद ऋतूत भात पिवळं पडलं की डुकरं डोंगरावरून उतरतात आणि एका फेरीत अख्खा वाफा लोळवून टाकतात. गावातले शिकारी म्हातारे झाले. कुणाचे गुडघे गेले, कुणाची नजर गेली. थंडीत डोंगर चढणारे शेवटी दोघंच उरले होते, हे आणि यांची मुलगी.

मुलगी पन्नाशीची, ठेंगणी, टाउन ऑफिसात नोकरीला. तिच्याकडे छऱ्यांची बंदूक होती. जपानात रायफल हवी असेल तर आधी दहा वर्षं छऱ्यांची बंदूक बाळगावी लागते, तीही एकही तक्रार न येता. तिची दहा वर्षं नुकतीच भरली होती. घरात रायफली दोन. एक ओजीसानांच्या वडिलांची, लांब, जड, काळपट अक्रोडी दस्त्याची. दुसरी त्यांनी स्वतः तरुणपणी घेतलेली, साधी. पोलिसांचं म्हणणं पडलं की एकाच कामाला दोन रायफली कशाला, एकीसाठी अर्ज करा. म्हणजे एक तिच्या नावावर होणार आणि दुसरी मोडीत जाणार. बंदूक इथे आठवण म्हणून भिंतीवर टांगता येत नाही. जिचा परवाना नाही तिला घरात जागा नाही.

कोणती ठेवायची हे ओजीसानांनी कधीच ठरवलं होतं. वडिलांची. त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नव्हतं. फक्त अर्ज ते पुढे ढकलत होते. "पुढच्या वर्षी," म्हणायचे. अर्ज केला की एक बंदूक जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याचा निर्णय झालेला असतो आणि तरी तो निघत नाही.

पण वेळ फार नव्हता. पंचाहत्तरीनंतर परवाना पुढे चालू ठेवायचा तर स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. त्यात ते नापास झाले आणि तोवर रायफल मुलीच्या नावावर झालेली नसली, तर दोन्ही जाणार. आणि ओजीसान विसरायला लागले होते. मी दूध आणून दिलं की तासाभराने मला परत दूध आणायला पाठवायचे. मी जायचो. फ्रीजमध्ये दुधाची रांग लागायची. मुलगी ती बघायची आणि सकाळी त्यातला एक खोका ऑफिसात न्यायची.

मग किल्लीचा दिवस आला.

बंदुका लोखंडी कपाटात कुलूपबंद असतात आणि त्याची किल्ली कुठे आहे हे मालकाखेरीज कुणाला ठाऊक असता कामा नये, घरच्यांनासुद्धा नाही. ओजीसान हा नियम देवाच्या नेमासारखा पाळायचे. दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात बंदुकांची वार्षिक तपासणी होती. सकाळी मुलगी कागदपत्रं घेऊन आली तर हे किल्ली शोधत घरभर फिरत होते. आम्ही मदतीला उठलो तर म्हणाले, "बसा. तुम्ही शोधलीत तर तुम्हाला जागा कळेल."

बरोबरच होतं ते. म्हणून आम्ही दोघं पडवीत पाठमोरे बसून राहिलो. आत ड्रॉवर ओढल्याचे, डबे उघडल्याचे आवाज. मध्ये जिन्यावर धप्प आवाज झाला तेव्हा ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. तिच्या हातातली फाइल वाकली होती. जेवायची वेळ टळून गेली. दुपार कलली तेव्हा ते बाहेर आले. केसांत जळमटं, एक मोजा ओला, गुडघ्यांना माती.

"सापडली," म्हणाले. "कुठे ते विचारू नका."

आम्ही विचारलं नाही. ते मुलीच्या शेजारी बसले. डोंगराकडे पाहून म्हणाले, "याच वर्षी करू."

मग त्यांनी तिचा हात मागितला. कोपर दुमडलं आणि या वेळी चक्क टेप लावली. वडिलांच्या रायफलीचा दस्ता तिला पुष्कळच लांब होत होता. कापला असता तर बसला असता, पण वडिलांच्या बंदुकीला करवत लावायला ते तयार नव्हते. म्हणाले, सवय होईल. खांद्यावर जाड कापड घाल.

एरवी ती वडिलांशी लोणच्यातल्या मुळ्यावरूनसुद्धा वाद घालायची. त्या दिवशी हळू बोलली.

"बाबा, आजोबांना मी पाहिलेलंच नाही. डोंगरात मी चालले ते तुमच्या मागून. समोर तुमची पाठ आणि तुमच्या खांद्यावर ही साधी रायफल. मला ती हवी आहे. ती कापून द्या."

ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने ते चहा घेऊन आले. आधी तिच्यापुढे ठेवला, मग माझ्यापुढे. आपला आणायला विसरले. तिने आपला कप त्यांच्याकडे सरकवला.

अर्ज गेला, साध्या रायफलीसाठी. त्यापाठोपाठ एक तरुण पोलिस चौकशीला माझ्या खोलीवर आला. अर्जदाराच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात तसं. या घरात भांडणं होतात का, त्याने विचारलं. खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, हो, नेहमी. त्याने पेन सरसावलं. कशावरून? मी म्हटलं, लोणच्यातल्या मुळ्याला मीठ किती यावरून. पुढे? पुढे काही नाही, जेवायला बसतात. त्याने ते सगळं लिहून घेतलं. परवाना येईपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. माझ्यामुळे रायफल गेली, असंच वाटत राहिलं.

परवाना आला. बंदुकीच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने साध्या रायफलीच्या दस्त्यावर खूण करून विचारलं, इथे? ओजीसान म्हणाले, तिला विचारा. वडिलांची रायफल त्यांनी दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. इतका वेळ वाकून राहिले की दुकानदारही समोरून वाकला. परतताना गाडीत ते फक्त रस्त्यावरच्या पर्सिमनच्या झाडांविषयी बोलले. यंदा फळ बरं आहे म्हणाले.

परीक्षा त्यांनी दिलीच नाही. गरजच उरली नव्हती. तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा, एवढंच त्यांच्या वाट्याला होतं. आता घरामागच्या खोलीत मी आहे, घरात मुलगी आहे. पण मला ते आठवतात ते एका रविवारचे, रायफल घरी आली त्या दिवसाचे.

ती बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून रायफल साफ करायला बसली होती. बंदूक आता तिच्या नावावर. कायद्याने दुसऱ्या कुणी त्या बंदुकीला हात लावायचा नाही, जन्मभर तिने ज्याच्या खांद्याला घट्टा पाडला त्या माणसानेसुद्धा नाही. ते समोर गुडघे जुळवून बसले. ती नळीत फडकं घालताना चुकली. त्यांचा हात पुढे गेला, हवेत थांबला. दुसऱ्या हाताने त्यांनी तो धरला आणि मांडीवर आणून ठेवला.

"बाबा, तेल एवढं पुरे?" तिने विचारलं.

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. "बंदूक तुझी आहे," म्हणाले. "तू ठरव."

तिने विचार केला, आणखी एक थेंब टाकला आणि दस्त्यावर फडकं गोल गोल फिरवू लागली. ते बघत राहिले. मांडीवरच्या हातांची बोटं तिच्याबरोबर हळूहळू फिरत होती.