राष्ट्रीयत्वाचा रकाना

आरतीने शाळेचा उतारा माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाई, हे अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. नोकरीभर साहेबलोकांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ठळक, वळणदार लिहिलेलं: आफ्रिकन.

हा उतारा जनरल रजिस्टरचा. पहिलीत नाव घातलं की मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, राष्ट्रीयत्व सगळं या मोठ्या वहीत चढतं. टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, यावरूनच निघतो. पुढची शाळा आमच्या टीसीवरून उतरवते, कॉलेज त्या शाळेच्या टीसीवरून. मध्ये कुणी विचारत नाही. पहिलीच्या बाईने लिहिलं ते जन्मभर चिकटतं.

बीड जिल्ह्यातल्या पालीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापिका होते. आरतीची आई सुरेखा त्याच गावची, त्याच शाळेत शिकलेली. पुढे ती पुण्याला एका होस्टेलच्या मेसमध्ये कामाला लागली. तिथे शिकायला आलेल्या टांझानियाच्या मुलाशी तिने लग्न केलं. आरती पुण्यातच जन्मली. ती चार वर्षांची असताना वडील तापाने गेले आणि सुरेखा पोरीला घेऊन माहेरी आली. गावाने आठवड्याच्या आत पोरीला 'हबशीण' नाव ठेवलं. वर्गात कुणी तसं म्हटलं की मी त्याला बाकावर उभं करायचे. मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते, दुसरं काय!

आता आरतीचा अंबाजोगाईला नर्सिंगला नंबर लागला होता. प्रवेशाला राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून मिळतो. तिथल्या क्लार्कने अर्ज परत केला. शाळाच सांगतीय पोरगी भारतीय न्हाई, मग मी कावून फाइल पुढं ढकलू, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चूक नव्हतं. मुदतीला आठ दिवस होते. मुदत हुकली की जागा दुसऱ्याला.

"आणि बाई," आरती म्हणाली, "आफ्रिका खंड आहे. आफ्रिकन असं राष्ट्रीयत्व जगात कुणाचंच नसतं. भूगोल तुम्हीच शिकवलात."

मी तिला पाणी दिलं आणि चप्पल घातली.

शाळेत नव्या मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढून दिलं. पानाच्या पहिल्या ओळीत 'भारतीय' आणि खाली पोरागणिक डिट्टोच्या खुणा. त्या देताना मी काही विचार केला नव्हता, तिथे हात आपोआप चालतो. आरतीच्या ओळीवर हात थांबला. तिथे मी विचार केला आणि तिथेच माती खाल्ली. खालच्या पोरापुढे पुन्हा 'भारतीय' लिहून डिट्टो सुरू. जुन्या रजिस्टरात सुरेखाचं नाव शोधलं. तिलाही डिट्टोच होता.

शाळा सोडलेल्या मुलाची नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती लिहिण्यातल्या उघड चुकीलाच मिळते. मुख्याध्यापकांनी मसुदा करून दिला, 'सदर नोंद अनवधानाने झाली.' मी सही केली. पेन्शनर बाई मी, या वयात चौकशीचं लचांड कुणाला हवंय? घाबरले, सरळ सांगते.

तिसऱ्या दिवशी बीडहून फाइल परत आली. रिमार्क होता, वर-खाली डिट्टो असताना मध्येच वेगळा शब्द अनवधानाने कसा आला, खुलासा करावा.

मी आरतीला रिमार्क वाचून दाखवला. तिचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"बरोबरच विचारलंय त्यांनी," ती म्हणाली. "तुम्ही लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघितलं होतं, बाई. मला आठवतंय."

सहा वर्षांची होती तेव्हा. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी बीडला गेलो.

शिक्षणाधिकारी साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. रजिस्टर पुढे ओढून त्यांनी आमच्या खात्यातला नेहमीचा प्रश्न विचारला. "कोणत्या कागदावरून लिहिलंत?" प्रत्येक नोंदीमागे कागद लागतो, त्याला आम्ही आधार म्हणतो.

"कागद नव्हता, साहेब. रंग बघितला, केस बघितले आणि लिहिलं. आईला एक शब्द विचारला नाही."

"हे लेखी द्याल? चौकशी लागू शकते."

"लागू द्या," मी म्हटलं.

त्यांच्या टेबलावरच लिहून दिलं. सोबत आरतीचा जन्मदाखला, वडिलांच्या व्हिसाची कॉपी आणि सुरेखाची टीसी जोडली. जन्म भारतात, आई भारतीय, वडील रीतसर व्हिसावर आलेले. म्हणजे पोरगी जन्मापासूनच भारतीय होती. साहेबांनी आदेशात लिहिलं, 'नोंदीस कोणताही आधार नाही, दुरुस्ती करावी.' दुरुस्त उतारा त्याच संध्याकाळी निघाला. तहसीलचा दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी हातात पडला आणि प्रवेश झाला. चौकशीची नोटीस अजून आलेली नाही. आली तर हेच सांगेन.

लेकीला अंबाजोगाईला पोचवून सुरेखा माझ्याकडे आली. मी तिला विचारलं, नाव घालताना मी तो शब्द तुला वाचून दाखवला होता, मग तेव्हाच का बोलली नाहीस?

"तुमी लिवलं, बाई. मला वाटलं कायदाच तसा आसंल," ती म्हणाली. "मग मी पोरीला सांगत आले, आपण हितलं न्हाई, कुणाशी भांडू नगं, गुमान ऱ्हा, म्हंजी राहू देतील."

पोरीचा आवाज खणखणीत, म्हणून रोज परिपाठाला प्रतिज्ञा मी तिलाच सांगायला लावत होते.

नव्या शिक्षकांना मी आता एवढंच सांगते, रकाना भरायला कागद मागा, पण मागायचा तर सगळ्यांना मागा. त्या पानावरच्या बाकीच्या बावीस पोरांकडे राष्ट्रीयत्वाचा एकही कागद मी मागितला नव्हता.