आपांनी कडी काढायला लावली

कुणाच्याही घरी गेलं की आपा आधी भुईवर बसायच्या. खुर्ची पुढं केली तरी म्हणायच्या, "राहू द्या, जरा टेकू द्या. प्रश्न कुठं पळून चाललेत?"

कळंबच्या होत्या. आम्ही दोघी एका अभ्यासासाठी गावोगाव फिरायचो. वाढत्या उन्हाचा लहान लेकरांवर काय परिणाम होतो, मोबाइलवर बघून आया काय उपाय करतात, याची माहिती घ्यायची. त्यावरून सरकारला अंगणवाड्यांचं धोरण सुचवायचं होतं. आपा बायांना एवढंच सांगायच्या, "लेकरू उन्हात कसं राहतं, ते बघाया आलोय."

भीती वाटली की ज्यांचा आवाज खाली उतरतो, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपा तशा होत्या. मला ते माकणीकडच्या एका गावात कळलं.

अंगणवाडी पत्र्याची. आपा एकेका पोराच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. खिडकीतून कुणीतरी शूटिंग केलं. पोरं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होता; त्याच्याखालीच आपांचा हा व्हिडिओही गेला. बघता बघता दारापुढं गर्दी जमली. सेविकेनं घाबरून आतून कडी लावली, खिडकीही ओढून घेतली. मी पोलिसांना फोन केला. "निघालोय," म्हणाले.

दारावर लाथा बसत होत्या. वर पत्रा तापत होता. पोरं रडून रडून दमली. एक मुलगी रडायचीच थांबली. आपांनी तिला उचललं. अंग चटके देत होतं.

"कडी काढा," आपा हळूच म्हणाल्या.

"आपा, मारतील ओ!" मी म्हणाले.

"आपल्याला मारतील. ही आत राहिली तर मरंल."

त्यांनी ओढणी पाण्यात बुडवून मुलीला गुंडाळलं आणि बाहेर पाऊल टाकलं.

"नाव सांग!" कुणीतरी ओरडलं.

आपांनी नाव सांगितलं. नावावरून मुसलमान असल्याचं कळलं तशी गर्दी आणखी पुढं सरकली. एक दगड येऊन भुवईवर लागला. मुलीखालचे हात मात्र हलले नाहीत.

"हिची आई कोण हाय? पोरगी तापलीय. सावलीला न्या."

एक बाई लोकांना ढकलत आली. मुलीला छातीशी धरून ती मागं वळून किंचाळली, "व्हा बाजूला! पाणी आणा कुणीतरी!"

लोक पळाले. दगड कुणी मारला, ते कळलंच नाही. पाणी आणायला तोही पळाला असेल.

मुलगी वाचली. व्हिडिओ मात्र फिरत राहिला. पुढच्या गावानं आम्हाला बसथांब्यावरूनच परत पाठवलं, त्याच्या पुढच्या गावानंही. "माझ्यामुळं तुझं काम थांबाया नको," म्हणत आपांनी काम सोडलं. घरच्यांनी त्यांना हैदराबादला लेकीकडं नेलं. आमच्या अहवालात अफवांवर एक प्रकरण आहे. त्यात आपा नाहीत.

परवा बेंबळीत एका तरुण आईनं माझ्यापुढं फोन धरला. "ताई, अशी एक बाई फिरतीय म्हणं. तुमाला कुठं दिसली का?"

पडद्यावर आपा होत्या, एका लेकराच्या कपाळाला हात लावून.

"नाही," मी म्हणाले, "त्या आता कुठंच दिसत नाहीत."