क्वानताईला मरायला घर

मलायातल्या पिनांग बेटावर, मंत्री स्ट्रीटवरचं आमचं घर फक्त बायकांचं. देवीपुढे अंबाडा बांधून लग्नाला कायमचा नकार दिलेल्या, गोऱ्यांची पोरं वाढवणाऱ्या चिनी दाया आम्ही; गोरे आम्हाला 'आमा' म्हणतात. अंबाडा बांधला की माहेरीही मरता येत नाही. भावाच्या घरात अवदसा येते म्हणतात. म्हणून वर्गणी काढून हे घर घेतलं. जी वर्गणीदार नाही तिनं इथं मरायचं नाही, हा नियम.

क्वानताईनं कधी वर्गणी भरली नाही. "माझ्या मडमेनं शब्द दिलाय," ती तोऱ्यात सांगायची, "शेवटपर्यंत तिच्याच घरी." मडम म्हणजे मिसेस पेलम. तिचा मुलगा रॉबिन ताईच्या पाठीवरच वाढला.

एक्केचाळीसच्या डिसेंबरात जपानी बॉम्ब पडले आणि बेट राखायच्या बाता मारणारे गोरे चोरासारखे बोटीत चढले. माझी मडमही त्यांच्यात होती, म्हणून मी धक्क्यावर होते. शिपायानं रॉबिनला ताईच्या पाठीवरून ओरबाडून काढलं. "फक्त गोरे!" पोरगं किंचाळत होतं. मिसेस पेलम वळून म्हणाली, "आमा, घराकडे लक्ष ठेव हं."

घराकडे! इथं शहर जळतंय आणि हिला पडद्यांची काळजी.

ताई खुळी, खरंच लक्ष ठेवत बसली. जपान्यांनी थोबाडीत मारून हाकलली तेव्हा आमच्याकडे आली. लढाई संपेपर्यंत उपासमारीनं तिचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते.

गोरे बँड वाजवत परतले. ताईची मडम आली, नाकाला रुमाल लावून ताईच्या चटईपाशी उभी राहिली.

"आमा, नवं बाळ झालंय. कधी येतेस?"

"आत्ता येते. पण मरायला. शब्द दिला होतात."

मडम चाचरली. "घरात तान्हं बाळ आहे ग. बरी झालीस की ये."

"बरी झाल्यावर मरायला कशाला येऊ, बाई?"

मडम तरातरा निघून गेली. आमची थोरली फूनताई कडाडली, "नियम गेला खड्ड्यात! क्वान, तू इथंच मरायचंस. बघते कोण बोलतंय ते."

ताई भिंतीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "रॉबिन केवढा झाला ग आता? विचारायचंच राहिलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईच्या झिंज्या उपटायलाच मी रस्त्यावर धावले. मोटारीच्या काचेवर थापा मारल्या आणि विचारलं काय, तर रॉबिनचं.

"इंग्लंडात शाळेत आहे," ती म्हणाली. "त्याला इथलं काही आठवत नाही."

आत येऊन मी ताईला सांगितलं, तो रोज तुझं नाव काढतो. ते खोटं माझ्या तोंडून वदवून घेतल्याबद्दल त्या बाईला मी मरेपर्यंत माफ करणार नाही.